‘स्टाफ फार छान होता’ : मिस्ट्री शॉपिंगचे रिपोर्ट लिहायला शिकताना

मागच्या आठवड्यात आयकराचे ३६० रुपये बँकेत परत जमा झाले. रक्कम बघून घरात सगळे हसले. मीही हसले, पण त्या ३६० च्या मागं माझं अख्खं वर्ष आहे, आणि त्यातले पहिले तीन महिने तर निव्वळ चिडचिडीत गेलेत. लातूर-नांदेडकडच्या दोन-तीन जणींनी विचारलं, "ते गिऱ्हाईक बनून जायचं काम तुम्ही करता ना, आम्हालाही सांगा की." प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवते.

या कामाला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. थोडक्यात असं. दुकानात, शोरूममध्ये, पंपावर गिऱ्हाइकाशी कसं वागतात हे मोठ्या कंपन्यांना बघायचं असतं. साहेब स्वतः गेला की सगळे सरळ उभे राहतात, म्हणून एजन्सीमार्फत आपल्यासारखं साधं माणूस पाठवतात. आपण जायचं, ठरवून दिलेलं विचारायचं, काहीतरी छोटं घ्यायचं, बिल जपायचं आणि घरी येऊन रिपोर्ट भरायचा. बँकेच्या शाखा नोटा-नाणी बदलून देतात का हे बघायला रिझर्व्ह बँकसुद्धा ओळख न सांगता माणसं पाठवते. (दहाचं नाणं नाकारणाऱ्या आमच्याकडच्या दुकानदारांकडं कुणीच पाठवत नाही, हे दुःख वेगळं.)

दुकानात जाऊन येणं कुणालाही जमतं. माणूस मार खातं ते रिपोर्टात.

माझी सुरुवात तर त्याच्याही आधी फसवणुकीनं झाली. मे २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर मेसेज आला, घरबसल्या शॉपिंग करा, रोज दोन हजार कमवा, नोंदणी फी फक्त ४९९. भरली. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. नवऱ्याला सांगितलंही नाही. ते मार्केट यार्डात आडतीवर मुनीम आहेत, एका रुपयाचा फरक आला तरी रात्री बारापर्यंत खातं जुळवत बसणारा माणूस. तर पहिली गोष्ट हीच की खरी एजन्सी आपल्याकडून एक रुपया मागत नाही. पैसे तिनं आपल्याला द्यायचे असतात.

खऱ्या एजन्सीकडं जूनमध्ये अर्ज केला. पॅन, पासबुकाचं पहिलं पान, पत्ता, गाडी आहे का, कुठल्या गावांना जाऊ शकता, असं सगळं भरून घेतलं. शिवाय एक नमुना मागितला. नुकतीच कुठं खरेदी केली ते दीडशे शब्दांत, इंग्रजीत. नऊ दिवस काहीच उत्तर नाही. मग मंजुरी आली आणि पाठोपाठ वीस प्रश्नांची ऑनलाइन चाचणी. पास व्हायला सोळा हवे होते, मला चौदा पडले. पुन्हा द्यायला दोन दिवस थांबावं लागलं. चुकलेले सगळे प्रश्न एकाच जातीचे होते: खालीलपैकी निरीक्षण कोणतं आणि मत कोणतं? तेव्हाच कान टोचले जायला हवे होते. मी आपली उत्तरं पाठ केली आणि पास झाले.

पहिली भेट ८ जुलै २०२३, शनिवार. औसा रोडवरचं चपला-बुटांचं दुकान. मानधन ३५०, आणि खरेदीचे ५०० पर्यंत परत. सोबत चौदा पानांच्या सूचना, त्याला ब्रीफ म्हणतात. ब्रीफ दोनदा वाचून, पर्समध्ये छोटी डायरी टाकून गेले. छातीत धडधड अशी की जणू चोरीच करायला निघालेय. आत पाय ठेवला आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "या वहिनी. आडतीवरल्या मुनीमांच्या ना तुम्ही?"

लातूर केवढंसं! ओळख निघाली की भेट तिथंच सोडायची आणि एजन्सीला कळवायचं, असं ब्रीफच्या तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. मी कळवलं नाही. ३५० रुपये दिसत होते ना. त्या पोरानं चहा पाजला, सहा जोड काढून दाखवले, ४६० च्या चपला घेऊन मी आले आणि रात्री रिपोर्ट लिहिला. त्यातली पहिली तीन वाक्यं मराठीत अशी होती: दुकान खूप स्वच्छ होते. स्टाफ फार छान होता. सेल्समन गरीब घरचा वाटणारा पण अतिशय नम्र होता.

मंगळवारी रिपोर्ट परत. खाली सतरा प्रश्न. स्वच्छ म्हणजे काय पाहिलंत? फरशी, आरसा, ट्रायल घेण्याचं बाक? छान म्हणजे तो काय बोलला, शब्द लिहा. आत गेल्यापासून किती सेकंदांनी बोलला? ‘गरीब घरचा’ हे कशावरून ठरवलंत? कृपया काढून टाका. उंची, चष्मा, दाढी, गणवेश, नावाचा बिल्ला एवढंच लिहा. प्रश्न ११ ला तुम्ही ‘इतर उत्पादन सुचवले नाही’ वर खूण केली आहे आणि खाली टिप्पणीत लिहिलंत की त्यानं मोजे दाखवले. यातलं खरं काय?

तो शेवटचा प्रश्न वाचून घाम फुटला, कारण खरं काय ते मला आठवतच नव्हतं. मोजे त्यानं दाखवले होते की मी विचारले होते? खूण एक सांगते, टिप्पणी दुसरंच सांगते, असा रिपोर्ट तपासणाऱ्याच्या हाती पडला की पहिला संशय हाच येतो की बाई गेलीच नव्हती. आता मी पाठवण्याआधी नुसत्या खुणा एकदा आणि नुसत्या टिप्पण्या एकदा, अशा वेगवेगळ्या वाचते. दहा मिनिटं जातात.

रिपोर्ट दुरुस्त करून पाठवला, गुरुवारी पुन्हा परत आला, पुन्हा पाठवला. शेवटी दहापैकी सहा गुण देऊन घेतला. ओळखीची गोष्ट मी शेवटच्या फेरीत सांगून टाकली. एजन्सीत रिपोर्ट तपासणाऱ्या एडिटर बाईंनी फोन केला. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "मॅडम, त्यानं चहा तुम्हाला दिला की गिऱ्हाइकाला, हे आता मी कसं ठरवू?" पुढच्या वेळी लातुरातली ओळखीची दुकानं नको, असं मीच लिहून दिलं. म्हणजे प्रवास आला.

१९ ऑगस्टला पेट्रोल पंप. ओळखीचा प्रश्न नको म्हणून शहराबाहेरचा. मानधन २५०, पेट्रोल २०० चं. बघायचं काय, तर भरणारा माणूस ‘झिरो बघा’ म्हणतो का, हवा फुकट भरून देतात का, स्वच्छतागृह उघडं आहे का, तक्रारवही मागितल्यावर मिळते का. गिऱ्हाइकानं मागितलं तर पाच लिटरच्या मापानं पेट्रोल मोजून दाखवावं लागतं आणि फिल्टर पेपरवर थेंब टाकून शुद्धता दाखवावी लागते, हे मला त्या ब्रीफमधूनच कळलं. वीस वर्षं स्कूटी चालवतेय, कधी मागितलं नव्हतं.

सगळं व्यवस्थित बघितलं. मग येताना भाजी घेतली, लेकीला क्लासमधून आणलं, स्वयंपाक केला, आणि रात्री अकराला लिहायला बसले. पंपावर पोचल्याची वेळ लिहिली ६:१०, निघाल्याची ६:२२. बिलावर छापलेलं होतं ५:४७.

रिपोर्ट नामंजूर. दुरुस्तीची संधी नाही, मानधन नाही, पेट्रोलचे पैसेही नाहीत. पेट्रोल मी वापरलं, म्हणून २०० अगदीच पाण्यात गेले असं म्हणवत नाही, पण त्या रात्री मी ठरवलं, बास. हे काम आपलं नाही.

पोळ्याला माहेरी गेले, निलंग्याकडं. २०२३ मध्ये अधिक महिन्यामुळं पोळा लांबून १४ सप्टेंबरला आला होता. बैलं मिरवून झाली, जेवणं झाली. अण्णा ओसरीवर बसले होते आणि मी मोबाईलवर तो नामंजूर रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. "काय वाचायलीस गं तवापासनं?" म्हणाले. अण्णा निवृत्त तलाठी. सगळं सांगितलं. त्यांनी चपलांच्या दुकानाचा रिपोर्ट मोठ्यानं वाचायला लावला. मी मराठी करून वाचत गेले. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला.

"हा पंचनामा तहसीलातून परत येणार."

मग त्यांनी २०१४ च्या गारपिटीचं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत आमच्याकडं गारा पडल्या, ज्वारी, हरभरा, गहू आडवा झाला. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून बांधाबांधानं पंचनामे करत फिरत होते. तेव्हा पन्नास टक्क्यांच्या वर नुकसान असेल तरच मदत होती. तेहतीस टक्क्यांची अट पुढच्या वर्षी, २०१५ मध्ये आली. शेतकरी रडत सांगायचा, "तात्या, सगळं गेलं." नव्या एका सहायकानं दोन ठिकाणी तसंच लिहिलं, ‘सगळे गेले’. दोन्ही कागद परत आले. गट नंबर कुठला, किती हेक्टर किती आर, जिरायत की बागायत, पीक कुठलं, उभं किती, आडवं किती?

"सगळं गेलं, हे त्याच्या तोंडचं," अण्णा म्हणाले. "ते त्याच्या जबाबात लिहायचं, त्याच्याच शब्दात. पंचनाम्यात आपल्याला बांधावर उभं राहून जे दिसलं तेवढंच. तू दोन्ही कालवायलीस."

मी म्हटलं, पण मग त्या शेतकऱ्याचं दुःख कुठं लिहायचं? ते म्हणाले, "आर नीट मोजले तर त्याला पैसे मिळतात. दुःख लिहून कागद परत आला तर काय मिळतंय?"

दुसऱ्या दिवशी करीला मला स्टँडवर सोडायला आले. बसला वेळ होता. समोरच्या हॉटेलात बसलो आणि म्हणाले, लिही आता. मी डायरी काढली. ११:०४ बसलो. ११:०६ पोऱ्यानं पाण्याचे दोन ग्लास आणले, बोटं आत बुडवून.

"किती बोटं?"

"अण्णा!"

"किती?"

"दोन. अंगठा बाहेर होता."

"आता लिही तसं. घाणेरडं हॉटेल म्हणायची गरजच पडत नाही." मग विचारलं, टेबल पुसलं का? पुसलं. कशानं? फडक्यानं. कोरड्या की ओल्या? मला माहीत नव्हतं. "मग ते लिहू नको. ओला असंल म्हणून ओला लिहायचं नसतं." चहा ११:१३ ला आला. त्यांनी माझी डायरी घेतली, खाली सही केली आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, पंच म्हणून अंगठा देता का. तो माणूस खरंच उठला होता.

२१ सप्टेंबरला, म्हणजे भेटीनंतर अडीच महिन्यांनी, चपलांच्या दुकानाचे पैसे आले. ३५० मधले ३५ टीडीएस (देण्याआधीच कापलेला आयकर) कापून ३१५, आणि चपलांचे ४६०. हे आधीच माहीत असलेलं बरं. पंचेचाळीस ते साठ दिवस म्हणतात, त्याहून जास्तही लागतात, आणि खरेदीचे पैसे तोवर आपल्या खिशातून गेलेले असतात. महिन्याच्या किराण्यातून हे करू नका.

पैसे आल्यावर धीर आला आणि नांदेडची एक भेट घेतली. मोबाईलचं दुकान, शनिवार, ७ ऑक्टोबर, वेळ संध्याकाळी पाच ते आठच्या मध्ये. मानधन ६००, खरेदीची अट नाही. लातूर-नांदेड एसटी, चाकूर-अहमदपूर-लोहा करत साडेतीन तास. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळं जाऊन-येऊन सव्वादोनशेच्या आत भागलं. मुक्काम नणंदेकडं. पूर्ण तिकीट आणि लॉजचा खर्च असता तर ही भेट तोट्यात गेली असती. मानधन बघताना आधी भाडं बघावं.

या वेळी बसमध्येच ब्रीफमधल्या अठ्ठावीस प्रश्नांचे सहा-सात शब्द करून पाठ केले: नमस्कार, गरज, दोन मॉडेल, एक्सचेंज, हप्ता, वॉरंटी, निरोप. आत डायरी काढायची सोय नसते. मी काय केलं, दाराशी पोचल्यावर फोन कानाला लावला आणि रेकॉर्डर चालू करून स्वतःशीच बोलले, "हां, पोचले गं, सहा वाजून बावन्न झालेत, बाहेर दोन बोर्ड आहेत, एकाची लाइट बंद आहे." बाहेर पडल्यावर पुन्हा तसाच ‘फोन’. आतलं दुसऱ्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला एजन्सीनं सांगितलेलं नसेल तर मी करत नाही. फक्त माझा आवाज, बाहेर उभं राहून. वेळ आपोआप फाइलवर पडते. पंपावरचा घोटाळा पुन्हा व्हायचं कारणच उरत नाही.

आत काउंटरवर एक मुलगी एकटी. समोर तीन गिऱ्हाइकं. दोन मुलगे मागच्या खोलीत खोकी लावत होते, दार अर्धं उघडं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. ६:५२ ला मी आत आले, तिचा पहिला शब्द ६:५५ ला, "बोला मॅडम." आणि त्या तीन मिनिटांत बराच वेळ तिच्या हातात तिचा स्वतःचा फोन होता.

ब्रीफमध्ये प्रश्न होता, कर्मचारी ड्युटीवर स्वतःचा मोबाईल वापरताना दिसला का? हो किंवा नाही.

जुलैतली मी असते तर दोनपैकी एक केलं असतं. ‘हो’ वर खूण करून खाली ‘स्टाफ निष्काळजी’ लिहिलं असतं, नाहीतर पोरीची दया येऊन ‘नाही’ वर खूण केली असती. दुसरं तर पहिल्याहून वाईट, कारण ते सरळ खोटं. मी थोडी पुढं सरकून बघितलं. फोनवर कॅल्क्युलेटर होता. शेजारच्या काकांना ती म्हणाली, "बारा महिने, साडेबाराशेचा हप्ता, काका." दुकानाचा टॅब काउंटरवर होता, स्क्रीन काळी, चार्जिंगची वायर लावलेली.

रिपोर्टात ‘हो’ वर खूण केली. टिप्पणीत लिहिलं: ६:५२ ते ६:५५ कर्मचाऱ्याच्या हातात मोबाईल. स्क्रीनवर कॅल्क्युलेटर दिसला. शेजारच्या ग्राहकाला १,२५० रुपयांचा हप्ता सांगितला. काउंटरवरच्या टॅबची स्क्रीन बंद, चार्जरला जोडलेला. काउंटरवर एकच कर्मचारी, माझ्याशिवाय तीन ग्राहक. मागच्या खोलीत गणवेशातले दोन कर्मचारी. स्वागताच्या प्रश्नाला ‘तीस सेकंदांत नाही’ हेच लिहिलं, कारण नव्हतंच झालं.

पोरगी चांगली आहे, तिला काही बोलू नका, असं कुठंही लिहिलं नाही. हात शिवशिवत होते लिहायला.

तिसऱ्या दिवशी एडिटर बाईंचा फोन. एकच प्रश्न, टॅब बंद होता की झोपलेला, तुम्ही हात लावून बघितलात का? नाही, म्हटलं, फक्त स्क्रीन काळी दिसली. "मग आपण ‘स्क्रीन काळी दिसली’ असंच ठेवू." मी ‘बंद’ लिहून चुकलेच होते. फडका ओला की कोरडा, तसलंच हे. नऊ गुण मिळाले. त्या मुलीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही, कळतही नसतं.

इंग्रजीचं एक सांगायचं राहिलं, कारण विचारणाऱ्या सगळ्यांना भीती त्याचीच आहे. माझं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. सुरुवातीला मी मोठमोठी इंग्रजी विशेषणं शोधून घालायचे, आणि नेमकी तीच परत यायची. आता आधी मराठीत, वहीत लिहिते, एका ओळीत एकच गोष्ट. कुणी, किती वाजता, काय केलं, काय बोललं. मग त्याचं साधं इंग्रजी. माणसाचं बोलणं मराठीत असेल तर त्याचा मूळ शब्द तसाच ठेवून पुढं अर्थ देते. "बोला मॅडम" मध्ये नमस्कार नाही, पण तुसडेपणाही नाही. भाषांतरात नेमकं तेच उडून जातं.

हिशोब सांगते. मार्च २०२४ अखेर अकरा भेटी, नऊ मंजूर. मानधन ३,६००, त्यातून टीडीएस ३६०. एसटी आणि रिक्षा मिळून १,१५० खर्च. खरेदीचे पैसे बहुतेक परत आले, पंपाचे सोडून. आमच्याकडच्या सीएंनी सांगितलं की तेव्हाच्या नियमानं वर्षाला ३०,००० च्या आतल्या मानधनावर कापायची गरज नव्हती, पण कापलेच तर फॉर्म २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतात का ते बघा आणि रिटर्न भरा. एक नोंद पॅनवर चढलेलीच नव्हती. दोन ईमेल, एक फोन, पाच आठवडे, तेव्हा चढली. २०२४ ला शेवटची तारीख ३१ जुलै होती, मी २६ ला भरलं. पॅन चुकीचा गेला असता तर दहाऐवजी वीस टक्के कापले असते, तेव्हा नोंदणीच्या वेळी तो आकडा दोनदा वाचा.

४९९ चं नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. आता हे वाचतील.

आज परभणीहून आले. बिलावर ४:५२ आहे, माझ्या फाइलवर ४:४९ आणि ५:०६. रिपोर्ट रात्री दहाच्या आत द्यायचाय, आणि तिथल्या आरशावर डाग होते की आरशाचा पारा उडालेला होता, हे मला नक्की सांगता येत नाहीये. म्हणजे ‘आरशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा काळा भाग’ एवढंच लिहावं लागणार. बसते आता लिहायला.